एकाच्या मापाचे यंत्र, अनेकांचे डोळे

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर व मुरबाड हे दोन तालुके एकमेकांना लागून वसले आहेत. कसारा घाटाकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता शहापुरातून जातो, तर कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेला प्रवासी मुरबाड ओलांडूनच पुढे जातो. डोंगर, भातशेती, आदिवासी पाडे आणि मुंबईला पाणी पुरविणारे तलाव अशी या भागाची ओळख सर्वांना आहे. शिक्षणाच्या क्षेत्रातही या दोन तालुक्यांतील दोन शाळांची नावे गेल्या दशकात जिल्ह्याच्या सीमेबाहेर गेली. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा संदीप गुंड या शिक्षकाच्या प्रयत्नांमुळे 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर नावारूपाला आली. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी साड्या नेसून, पाटीदप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या.

या दोन शाळा दृष्टीला साहाय्य करणाऱ्या दोन निरनिराळ्या साधनांची आठवण करून देतात. डिजिटल शाळेतील फळा सर्वांचा असतो. एकदा चित्र उमटले की वर्गातील प्रत्येकाला ते सारखेच दिसते. आजीबाईंच्या वयाला लागणारा चष्मा मात्र ज्याचा त्याचा असतो. एकीचा चष्मा दुसरीने लावला तर अक्षर दिसण्याऐवजी डोके दुखू लागते.

अलीकडे शाळांच्या आणि प्रशिक्षण केंद्रांच्या दाराशी एक तिसरे साधन येऊन उभे राहिले आहे. 'आभासी वास्तव' दाखविणारे, डोक्याला बांधण्याचे हे यंत्र व्हीआर हेडसेट या नावाने ओळखले जाते. एखाद्या उद्योगसंस्थेच्या सामाजिक दायित्व निधीतून, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून किंवा क्वचित एखाद्या शिक्षकाच्या स्वतःच्या खर्चाने असे यंत्र शाळेत येते. त्याच्या पाठीमागे पडद्यावरचीच चित्रे असल्याने सर्वांची समजूत अशी होते की हा फळ्याचाच एक नवा प्रकार आहे आणि तो हातोहात फिरविण्यास हरकत नाही. वस्तुतः हे यंत्र फळ्याच्या जातीचे नसून चष्म्याच्या जातीचे आहे. ते एकाच्या मापाने बसविलेले असते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर चढविताना ते माप बदलावे लागते. एवढी गोष्ट ध्यानात न घेतल्याने कोणाचे डोळे दुखतात, कोणाला मळमळते, आणि एखादे मूल 'मला काही दिसले नाही' असे सांगून खाली मान घालून जागेवर जाऊन बसते.

दोन चित्रांची युक्ती

यंत्राचे मूळ तत्त्व नवे नाही. मनुष्याच्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि मेंदू ती दोन चित्रे जुळवून खोलीचा अंदाज घेतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोप या उपकरणाने दाखवून दिले. प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र धरले की सपाट कागदातून खोलीचा भास निर्माण होतो. डोक्याची हालचाल होईल तसे चित्रही बदलावे, ही पुढची पायरी अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली गाठली. त्यांचे यंत्र छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेले होते. आजच्या हेडसेटमध्ये तोच खटाटोप हातात मावेल एवढ्या पेटीत बसविलेला असतो. डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर एक किंवा दोन छोटे पडदे, त्यांच्यापुढे दोन भिंगे, आणि डोके कोणत्या दिशेला वळले हे ओळखणारे संवेदक.

जत्रेत येणारी जुनी बायोस्कोपची पेटी पाहिलेल्या वाचकांना एक फरक लगेच जाणवेल. त्या पेटीला चारपाच भोके असत, प्रत्येक भोकाला आपले भिंग असे, आणि मुले आपापल्या उंचीप्रमाणे वाकून पाहत. पेटी कोणाच्या डोक्याला बांधलेली नसल्यामुळे ती कोणाच्याही मापाची नव्हती. हेडसेटची सारी करामत आणि सारी अडचण तो डोक्याला घट्ट बांधला जातो यातच आहे.

बाहुल्यांमधील अंतर

पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित माप म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर. प्रौढ व्यक्तींमध्ये ते सरासरीने ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. पण सरासरी ही कोणा एकाची नसते. बहुसंख्य प्रौढांचे अंतर ५४ ते ७४ मिलिमीटर या टप्प्यात कोठेतरी येते. यंत्राच्या दोन भिंगांची मध्यबिंदूंची जागा या अंतराशी जुळली नाही तर चित्र अस्पष्ट दिसते, डोळ्यांवर ताण पडतो, आणि वस्तूंचा आकार व अंतर यांचा अंदाज चुकतो.

निरनिराळ्या उत्पादकांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे काढली आहेत. २०२० साली आलेल्या मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या यंत्रात भिंगे ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचांवर सरकतात. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून मधले कोणतेही अंतर लावता येते. २०२४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो या यंत्रात भिंगे आपोआप सरकतात. परंतु चेहऱ्यावर टेकणारी गादी मात्र खरेदीदाराच्या चेहऱ्याचे मोजमाप करून त्याच्यापुरती निवडलेली असते. बिगस्क्रीन बियाँड हे २०२३ चे यंत्र याहीपुढे गेले. ग्राहकाच्या चेहऱ्याची प्रतिमा घेऊन त्याची गादी घडविली जाई आणि भिंगांमधील अंतर कारखान्यातच कायमचे बसविले जाई. यंत्राचे वजन जेमतेम १२७ ग्रॅम ठेवता आले ते काही अंशी या एकाच्याच मापामुळे. मालकाला ते पिसासारखे वाटते. शेजाऱ्याच्या मात्र ते उपयोगाचे राहत नाही. पुढे २०२५ मध्ये त्याच कंपनीने दुसऱ्या आवृत्तीत अंतर बदलण्याची सोय केली, यावरून अडचण किती खरी होती हे कळते.

हे माप घेण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी पुरते. माप घेणाऱ्याने विद्यार्थ्यासमोर सुमारे हातभर अंतरावर, डोळ्यांची पातळी समान ठेवून बसावे व पट्टी विद्यार्थ्याच्या नाकाच्या दांडीवर आडवी टेकवावी. प्रथम मोजणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटावा व विद्यार्थ्यास आपल्या उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहण्यास सांगावे. पट्टीवरील शून्य विद्यार्थ्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्याशी जुळवावे. नंतर पट्टी न हलविता मोजणाऱ्याने डावा डोळा मिटून उजवा उघडावा, विद्यार्थ्याने त्या डोळ्याकडे पाहावे, आणि त्याच्या डाव्या बाहुलीच्या मध्याशी येणारा आकडा वाचावा. दोनदा मोजून आकडा सारखा आला की तो वहीत नोंदवावा.

माप घेतल्यावर शिक्षकांच्या एक गोष्ट लक्षात येईल. दहाबारा वर्षांच्या अनेक मुलांचा आकडा ५८ पेक्षा कमी भरतो, म्हणजे तीन खाचांच्या यंत्रातील सर्वांत लहान खाचही त्यांना मोठी पडते. उत्पादकांनी घातलेली वयाची अट केवळ औपचारिक नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. ॲपलने तेरा वर्षांखालील मुलांसाठी आपले यंत्र नाही असे सांगितले आहे. मेटा कंपनीने २०२३ साली पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत सवलत दिली, त्याखाली नाही. पहिली ते चौथीच्या वर्गांना हेडसेट लावून छायाचित्र काढण्याचा मोह समारंभाच्या दिवशी होतो. तो आवरणे इष्ट.

चष्मा ठेवावा की काढावा

यंत्र हातात घेणाऱ्या चष्मेवाल्या व्यक्तीचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा चुकीचे दिले जाते. पडदा डोळ्यांना अगदी लागून आहे, तेव्हा ज्यांना जवळचे दिसते त्यांना चष्मा नको आणि ज्यांना जवळचे दिसत नाही त्यांना तो हवा, असा तर्क केला जातो. तो बरोबर उलटा आहे. भिंगांमुळे पडद्यावरील चित्र डोळ्यांना साधारणपणे सव्वा ते दोन मीटर अंतरावर असल्यासारखे भासते. डोळ्यांना त्या अंतरावर पाहावे लागते, पडद्याच्या अंतरावर नव्हे.

यास्तव आठवी-नववीतील ज्या मुलास दूरचा फळा दिसत नाही व उणे तीन क्रमांकाचा चष्मा आहे, त्याला चष्म्याशिवाय सुमारे ३३ सेंटिमीटरपलीकडचे सारे धूसर दिसते. त्याने हेडसेटमध्येही चष्मा ठेवलाच पाहिजे. याउलट ज्या आजीबाईंना केवळ वाचनापुरता चष्मा लागतो, त्यांनी तो काढून ठेवावा. वाचनाचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनविलेला असतो. तो लावून हेडसेटमध्ये पाहिले तर चित्र अधिकच पुसट होईल. अक्षर गिरविताना ज्यांना चष्म्यावाचून चालत नाही त्यांनाच हे नवे यंत्र चष्म्याशिवाय बऱ्यापैकी दिसावे, ही बाब प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडण्यासारखी आहे. मोतीबिंदू असल्यास मात्र कोणत्याही भिंगाचा इलाज चालत नाही. त्याचे स्थान शस्त्रक्रियेच्या शिबिरात आहे.

चष्म्यासह हेडसेट चढविताना चौकट रुंद असेल तर ती भिंगावर घासते आणि यंत्राच्या भिंगावर कायमचे ओरखडे पडतात. काही यंत्रांबरोबर यासाठी एक जादा कडी मिळते. ती बसविली की गादी व भिंग यांत चष्म्यापुरती जागा होते. ज्यांच्या यंत्रात स्वतःच्या क्रमांकाची भिंगे आत बसविलेली आहेत, त्यांनी यंत्र दुसऱ्यास देण्यापूर्वी ती काढणे अत्यावश्यक आहे. एखाद्या शिक्षकाच्या क्रमांकातून तीस मुलांनी पाहणे म्हणजे त्याचा चष्मा तीस जणांनी लावण्यासारखेच झाले.

तेल, कुंकू आणि डोळे येणे

हेडसेटच्या पुस्तिका ज्या देशांत लिहिल्या जातात तेथे डोक्याला खोबरेल चोपडण्याची रीत नाही. आपल्याकडे तेल लावलेले केस, कपाळावरचे कुंकू, डोळ्यांतील काजळ आणि एप्रिल-मेचा घाम या साऱ्यांचा ठसा गादीवर उमटतो. यंत्राबरोबर येणारी स्पंजाची गादी हे सर्व शोषून घेते व ती धुता येत नाही, किंवा धुतली तर लवकर वाळत नाही. सामायिक वापरासाठी सिलिकोनचे किंवा कृत्रिम चामड्याचे, पुसता येणारे आवरण घ्यावे. स्त्रियांच्या बाबतीत पट्टा अंबाड्याच्या वरून न नेता खालून न्यावा, म्हणजे यंत्र पुढे ओघळत नाही. गजरा काढावा लागेल हे आधीच सांगितले तर कोणास संकोच वाटत नाही.

स्वच्छतेचा प्रश्न केवळ डागांचा नाही. खुपऱ्यांचा रोग एकाच पंचाने तोंडे पुसल्याने आणि एकाच काजळाच्या काडीने पसरतो, हे ग्रामीण आरोग्य सेविकांनी पिढ्यानुपिढ्या सांगितले. भारतात खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरल्या नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले, त्यामागे या साध्या शिकवणुकीचा वाटा आहे. डोळे येण्याची साथ मात्र सरलेली नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने तिचा मोठा अनुभव घेतला. या रोगास अनेकदा कारण होणारे ॲडेनोविषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडेही टिकतात, आणि नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून त्यांची खात्रीने वासलात लागतेच असे नाही. म्हणून साथीच्या दिवसांत यंत्र कपाटात ठेवावे. एरवीही ज्याचे डोळे लाल आहेत, चिकटत आहेत किंवा ज्याच्या डोक्यात उवा आहेत त्याला त्या दिवशी यंत्र देऊ नये. मात्र तसे चारचौघांत बोलून दाखवू नये.

भिंगे केवळ कोरड्या, मऊ कापडाने पुसावीत. स्पिरिट किंवा साबणाचे पाणी भिंगांना लावू नये. ते गादीच्या आवरणापुरतेच. आणखी एक धोका अनेकांना ठाऊक नसतो. भिंगांचे तोंड आकाशाकडे करून यंत्र खिडकीत किंवा ओट्यावर ठेवले, तर सूर्यकिरण त्या भिंगांतून एकवटून आतला पडदा काही क्षणांत जाळतात. भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग शाळेत सर्वांनी केलेला असतो. येथे तोच प्रयोग हजारो रुपये खर्चून होतो.

ज्याला 'विशेष काही' दिसत नाही

वर्गातील पंचवीस मुले 'समुद्र अंगावर आला' म्हणून ओरडतात आणि सव्विसावे मूल गप्प राहते. त्याला विचारले तर 'चांगले होते' एवढेच ते सांगते. पुन्हा विचारले तर म्हणते, 'विशेष काही नाही.' अशा मुलाला मंद किंवा हट्टी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने थांबावे.

पट्टा सैल असणे, अंतर चुकलेले असणे, भिंगावर वाफ धरलेली असणे ही कारणे प्रथम तपासावीत. ती नसतील तर दुसरी शक्यता विचारात घ्यावी लागते. तिरळेपणामुळे, किंवा दोन डोळ्यांच्या क्रमांकांत मोठा फरक असल्यामुळे, काही मुलांचा मेंदू एका डोळ्याने पाहण्याचे सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. अशा मुलास खोलीचा भास होत नाही, कारण त्याला दोन डोळ्यांची दोन चित्रे मिळतच नाहीत. चांगला डोळा सर्व कामे करीत असल्याने मूल पळते, खेळते, वाचते, आणि घरी कोणाच्या काही लक्षात येत नाही. मूल स्वतःही तक्रार करीत नाही. जे त्याने कधी पाहिले नाही, ते हरवले आहे हे त्याला कसे कळावे?

हेडसेट हे नेत्रतपासणीचे साधन नव्हे, आणि त्यावरून निदान करण्याचा अधिकार शिक्षकास नाही. परंतु गप्प राहिलेल्या मुलाचे नाव वेगळे लिहून ठेवणे त्याच्या हातात आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्ये वर्षातून एकदा व अंगणवाड्यांमध्ये दोनदा तपासणीस येतात. त्या पथकापुढे ते नाव ठेवावे, किंवा वाट न पाहता मुलास शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेण्यास पालकांना सांगावे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. ती अनेक पालकांना माहीत नसते.

येथे वयाचे गणित कठोर आहे. आळशी डोळ्यावरील उपचार साधारण सातआठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत अधिक गुण येतो. पुढे सुधारणा होते, पण कमी. हेडसेट वापरण्याचे वय मात्र दहाच्या पुढचे. म्हणजे जे मूल हेडसेटमुळे लक्षात आले ते उशिरा लक्षात आले. सहा मीटरवर टांगलेला अक्षरांचा किंवा चित्रांचा तक्ता आणि एक डोळा झाकण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा ही साधने पहिलीच्या वर्गातच हे काम करू शकतात, आणि त्यांना वीज लागत नाही.

तासिकेचा हिशेब

तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात एकच यंत्र आहे असे धरू. बसविण्यास दोन मिनिटे, पाहण्यास चार, काढून पुसण्यास दोन, अशी आठ मिनिटे प्रत्येकास लागली तर चाळीस मिनिटांच्या तासिकेत पाच विद्यार्थी होतात आणि वर्ग पूर्ण होण्यास सहा तासिका जातात. घाई केली तर जी दोन मिनिटे प्रथम वगळली जातात ती बसविण्याची व पुसण्याची. त्याऐवजी विद्यार्थ्यांची रांग हजेरीपटाच्या क्रमाने न लावता मापाच्या क्रमाने लावावी. ५८ च्या खाचेची मुले एका दिवशी, ६३ ची दुसऱ्या दिवशी, चष्मेवाली मुले जादा कडी बसवून सलग, म्हणजे यंत्र वारंवार बदलावे लागत नाही. हेडसेटमधील चित्र फळ्यावर दाखविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. एकाने पाहावे आणि बाकीच्यांनी फळ्यावर पाहून त्याला दिशा सांगावी, अशा रीतीने वाट पाहणारी मुलेही पाठात राहतात.

पाहणाऱ्याने स्थिर खुर्चीवर किंवा जमिनीवर बसूनच पाहावे, विशेषतः वृद्धांनी. फेफरे येणाऱ्यास यंत्र देऊ नये. मळमळू लागल्यास 'थोडे सोस' असे न म्हणता यंत्र तत्काळ काढावे.

उन्हाळ्यात ज्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते तेथील ग्रामपंचायत सदस्याने 'हे यंत्र कशाला?' असे विचारले तर त्याचा प्रश्न गैर नाही. पंचायतीच्या निधीतून ते विकत घेण्याची निकड आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु देणगी म्हणून ते येते तेव्हा स्वीकारण्यापूर्वी दात्यास काही गोष्टी विचारण्यात संकोच नसावा. भिंगांमधील अंतर बदलता येते काय? गादी कोणा एकाच्या चेहऱ्याची आहे काय, आणि पुसता येणारी दुसरी गादी मिळेल काय? चष्म्याची कडी आहे काय? वापरलेले यंत्र असेल तर पूर्वीच्या मालकाची भिंगे व त्याचे खाते काढले आहे काय?

खात्याचा प्रश्न किरकोळ समजू नये. काही यंत्रे वापरणाऱ्याच्या नजरेची व हातांच्या हालचालीची नोंद ठेवतात. व्हिजन प्रो तर मालकास त्याच्या बुबुळावरून ओळखते आणि पाहुण्याची मापे, २०२४ मधील सुधारणेनंतर, तीस दिवस जपून ठेवू शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते व तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. यास्तव शाळेच्या यंत्रावर शिक्षकाचे वैयक्तिक खाते नसावे. ते शाळेच्या नावाचे असावे, आणि मुलांची नावे यंत्रात न भरता केवळ शाळेच्या मापवहीत ठेवावीत. वाढत्या वयाबरोबर बाहुल्यांमधील अंतर वाढते, म्हणून दर वर्षी जूनमध्ये ही मापे नव्याने घ्यावी लागतात. शिक्षकाची बदली झाल्यास पदभार सोपविताना यंत्र, जादा गादी व कडी यांबरोबर ही वहीही यादीत लिहून द्यावी.